आमची वाटचाल: सामान तुमचं, तळण आमचं

दसरा झाला की आमच्या दारात स्टीलचे डबे यायला लागतात. एक भाजणीचा, एक बेसनाचा, तेलाची किटली वेगळी, आणि सगळ्यावर चिकटपट्टी लावून नाव घातलेलं. मागच्या वर्षी समोर नवीन भाडेकरू आले त्यांनी चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी विचारलं, काकू तुम्ही भांडी उजळून देता का.

तर नाही, आम्ही इचलकरंजीत फराळ करून देतो. थोडा विकतो पण, पण मुख्य धंदा मजुरीचा. पीठ तुम्ही आणा, तेल तुम्ही आणा, आम्ही चकली पाडून तळून, गार करून, वजन करून देणार आणि किलोवर मजुरी घेणार, बस एवढंच. एवढंसं सांगायला आमची वाटचाल वगैरे नाव मोठं झालं खरं, पण भाची म्हणाली लिहूनच काढ, लोक तेच तेच विचारतात.

सुरुवात २०१४ च्या दिवाळीत. मिस्टर यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, मी कांडी, म्हणजे मागाला लागणारी सुताची बॉबिन, भरायला जायचे. आमच्या गावात दिवाळी म्हणजे बोनस, आणि बोनस हातात पडतो तो सणाला चार-आठ दिवस राहिलेले असताना, त्यात बारा-बारा तासाच्या पाळ्या, मग बाईमाणसाने तळायला बसायचं कधी? शेजारची एक जण रात्री आली, म्हणाली, "वहिनी, पीठ, तेल सगळं आणून देते, तेवढ्या चकल्या पाडून द्या की, मला सुट्टीच न्हाई." दोन किलो भाजणी होती. मी घरच्याच शेगडीवर तळली. तिने पन्नास रुपये पुढे केले तर मला घ्यायला लाज वाटली, घेतले पण. त्या दिवाळीत अकरा घरांचं तळण केलं आणि भाऊबीजेला माझा उजवा हात खांद्यातून वर जाईना, सोऱ्या दाबून दाबून.

लोकांना वाटतं मजुरीचं काम म्हणजे डोक्याला ताप नाही, सामान त्यांचं, बिघडलं तर त्यांचं. अगदी उलटं आहे. विकायची चकली बिघडली तर माझं नुकसान, मी टाकून देईन, दुसरी करीन. दुसऱ्याच्या घरची भाजणी बिघडली तर तिने रेशनचा तांदूळ बाजूला काढून, धुवून, सावलीत वाळवून, भाजून केलेलं पीठ ते, ते मी कुठून भरून देणार? आणि प्रत्येकीची भाजणी वेगळी. माझं माप चार वाट्या तांदूळ, दोन चणाडाळ, एक उडीदडाळ, अर्धी मूगडाळ, वर मूठभर पोहे आणि धने-जिरे. कोणी उडीद जास्त घालतं, कोणी साबुदाणा घालतं, कोणी डाळ नुसती गरम करून उतरवतं आणि म्हणतं भाजली. म्हणून आम्ही आधी एकच चकली तळून बघतो. तेलात विरघळायला लागली, म्हणजे आम्ही म्हणतो हसली, तर मोहन, म्हणजे पिठात घातलेलं गरम तेल, जास्त झालंय, थोडं कोरडं पीठ मिसळायचं. दाताला दगड लागली तर मोहन कमी. आणि कढईत एकदम दहा-बारा सोडायच्या नाहीत, तेल थंड होतं आणि मग चकली तेल पिते, हे मी आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येक बाईला पहिल्या दिवशी सांगते आणि प्रत्येक बाई दुसऱ्या दिवशी दहा-बारा सोडतेच.

तेलावरनं सगळ्यात जास्त भांडणं झाली. "मी दोन किलो तेल दिलं होतं, एवढंच कसं परत आलं?" तिचं पण चुकीचं नाही, तेलच तर महाग असतं. दुसऱ्या वर्षी मी वजनकाटा घेतला, पहिली खरेदी तीच. तेल आलं की समोर वजन, वहीत आकडा, तळण झालं की उरलेलं गाळून परत समोर वजन. किलोभर भाजणीला मोहन धरून पाव किलो ते तीनशे ग्रॅम तेल जातं आणि चकली सव्वा किलोच्या आसपास भरते. हे दोन आकडे भिंतीवर खडूने लिहून ठेवले आणि भांडणं जवळपास संपली. चव चांगली म्हणून लोक येतात असं मला कोणी म्हटलं तर छान वाटतं, पण खरं सांगू का, लोक काट्यामुळे आले.

चुका पण सांगते. एकदा लसूण शेव एका जैन घरच्या डब्यात गेली. चिकटपट्टी तेलाच्या हातानं निघाली होती आणि दोन डबे सारखेच. त्या काकी बोलल्या काहीच नाहीत, डबा तसाच आणून ओट्यावर ठेवला आणि गेल्या, त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून जैन घरांचं तळण सकाळी पहिलं, कढई वेगळी, झारा वेगळा, आणि डब्याच्या बाहेर नाव तसं आतही चिठ्ठी. पुढच्या वर्षी त्या काकी स्वतः आल्या आणि सोबत जावेला घेऊन आल्या.

दुसरी चूक घाईची. २०१८ ला एका कंपनीची दीडशे बॉक्सची ऑर्डर मिळाली, कामगारांना वाटायला. आम्ही हरखून गेलो, छापील पुठ्ठ्याचे बॉक्स केले, सॅटिनची रिबन काय नि काय. रात्री तीनपर्यंत तळलं आणि चकली कोमट असतानाच पिशवीत भरून सील केली. आतल्या वाफेला पाणी सुटलं आणि चौथ्या दिवशी सगळी चकली मऊ. पैसे आले ते आठ महिन्यांनी आणि कापून. नंतर हिशोब केला तेव्हा बॉक्सचा खर्च आतल्या चिवड्यापेक्षा जास्त निघाला. बॉक्सचं काम तेव्हापासून बंद, अजून फोन येतात, मी नाही म्हणते, मिस्टर अजून हळहळतात.

आता भिशीचं. २०१७ च्या पाडव्याला फराळाची भिशी सुरू केली. दर आठवड्याच्या पगाराला पन्नास रुपये, गुढीपाडव्यापासून दसऱ्यापर्यंत, साधारण अठ्ठावीस आठवडे धरले तर चौदाशे रुपये होतात. बोनस कपड्यालत्त्यात आणि उधारी फेडण्यात जातो, फराळाला उरत नाही, हे मी माझ्या घरातच बघितलेलं. सामानसुद्धा ज्यांना आणायला जमत नाही त्यांच्यासाठी हे, म्हणजे इथे सामान आमचं. पहिल्या वर्षी चौतीस जणी होत्या, दुसऱ्या वर्षी सत्तर.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला. नदीकडच्या बऱ्याच घरांत पाणी गेलं, माग बंद, लोक शाळांमध्ये राहायला. भिशीतल्या एकोणीस जणी आल्या, म्हणाल्या फराळ नको, भरलेले पैसे द्या. बरोबरच होतं त्यांचं. पण माझ्याकडे पैसे कुठे होते? मी भिशीच्या पैशातून जुलैमध्येच घरघंटी घेतली होती, म्हटलं दिवाळीपर्यंत मजुरीतून भरून काढू. दुसऱ्याचा पैसा वापरला होता मी, सरळ. मिस्टरांना पण धड सांगितलं नव्हतं. पाटल्या गहाण टाकल्या आणि पाच दिवसांत एकोणीस जणींचे पैसे दिले. कोणाला काही कळलं नाही, आज पहिल्यांदा लिहितेय. त्यानंतर भिशीचं खातं बँकेत वेगळं, भाचीच्या आणि माझ्या दोघींच्या सहीचं, आणि ते पैसे धान्य-तेल सोडून कशालाच निघत नाहीत. पाटल्या सुटायला दीड वर्ष लागलं.

त्या दिवाळीला मजुरी पण अर्ध्यावर आली. एक बाई अर्धा किलो बेसन घेऊन आली शेव करायला, एवढंच. तिची शेव मी सगळ्यात आधी केली.

२०२० ला लॉकडाऊनमुळे वाटलं होतं आता संपलंच, पण अनारशांनी तारलं. त्या वर्षी अधिक महिना अश्विनात होता, १८ सप्टेंबर ते १६ ऑक्टोबर, म्हणजे दिवाळीच्या अगदी आधी. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे, आणि जावई अडकलेले पुण्यात नाहीतर मुंबईत. मग पार्सल! अनारसे करायला सगळ्यांना भीती वाटते, मला पण वाटायची. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कंटाळा करून एक दिवस पाणी नाही बदललं तर वास येतो. चौथ्या दिवशी पंचावर पसरायचे आणि पूर्ण वाळायच्या आत, हाताला ओलसर लागत असतानाच दळायचे, बारीक चाळायचे. मग वजनाला वजन गूळ आणि चमचाभर तूप घालून मळून गोळा डब्यात चार-पाच दिवस. आम्ही कोल्हापुरी गूळच वापरतो, जवळ मिळतो आणि रंग छान येतो. खसखशीवर थापायचा आणि तुपात सोडताना खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. तेवढं करूनही हसायचा तो हसतोच. तेव्हापासून तयार अनारशाचं पीठ अर्ध्या किलोच्या पाकिटात विकायला लागलो, आम्ही विकतो त्यात सगळ्यात जास्त तेच जातं. रजिस्ट्रेशन पण तेव्हाच केलं, तेव्हा वर्षाची उलाढाल बारा लाखाच्या आत असली की अन्न परवान्याची साधी नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत व्हायची, मी उगीच सहा वर्षं घाबरत होते. फॉर्मवर धंद्याचं नाव विचारलं तर सुचेना, माझंच नाव टाकलं.

२०२२ ची दिवाळी मला फार आवडली. सरकारचा आनंदाचा शिधा मिळाला होता, शंभर रुपयात एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो चणाडाळ आणि लिटरभर पामतेल. बाया पिशवी तशीच्या तशी घेऊन यायच्या, "यात काय बसतंय बघा." बघितलं तर एवढं बसतं! डाळ दळून बेसन केलं, अर्धं बेसन रव्याबरोबर भाजून साखरेच्या पाकातले रवा-बेसन लाडू, अर्ध्या बेसनाची शेव, आणि शेव तळून उरलेलं तेल डब्यात परत. बाहेरून आणायचं ते फक्त पाव किलो ते साडेतीनशे ग्रॅम तूप आणि चार वेलदोडे. नुसत्या बेसनाच्या लाडवाला तूप फार लागतं, पाकातल्याला कमी पुरतं, आणि पाक एकतारी जमला तर लाडू आठ दिवसांनी जास्त चांगला लागतो. तेव्हा आम्ही एकोणसाठ पिशव्यांचे लाडू वळले. आचेवरनं एकदाच वाद झाला, भाची म्हणे गॅस मोठा कर, लाइन लागलीय. बेसनाला घाई चालत नाही बाई, कच्चं राहिलं की टाळूला चिकटतं आणि लोक वर्षभर आठवण काढतात.

२०२४ ला मात्र तोंडावर पडलो. भिशीत आम्ही पाडव्यालाच सांगून टाकायचो की चौदाशेला इतका किलो फराळ. सप्टेंबरच्या मध्यात केंद्राने खाद्यतेलाची आयात ड्युटी वाढवली, कच्च्या तेलावर साडेपाच टक्क्यांची साडेसत्तावीस झाली, आणि तेलाच्या डब्यामागे दोन-तीनशे रुपये वाढले, तेही दिवाळीला दीड महिना असताना. मी डबे घेतले नव्हते, गणपतीनंतर घेऊ म्हणून थांबले होते. किलो ठरलेले, शब्द गेलेला, सव्वाशे जणींचा फराळ तोट्यात दिला. आता श्रावणातच डबे भरून ठेवतो आणि पाडव्याला पैसा ठरवतो, किलो दसऱ्याला सांगतो. दोन-चार जणी कुरकुरल्या, एक सोडून गेली.

कमी पैशात काय करू असं फार जण विचारतात म्हणून सांगते. चिरमुऱ्याचा चिवडा करा, अर्ध्या किलोत मोठा डबा भरतो, पोरं येता-जाता खातात आणि बाकीचा फराळ वाचतो. पोह्यांचा करायचा तर पातळ पोहे आधी उन्हात ठेवा, मग मंद आचेवर कोरडेच भाजा, तेल फक्त फोडणीला. काजू नका घालू, खोबऱ्याचे काप आणि डाळं घाला, काजूचा चिवडा मला तर मिठाईसारखा वाटतो. शंकरपाळी गव्हाच्या पिठाची गुळातली होते आणि मैद्यापेक्षा खमंग लागते, फक्त रंग काळपट येतो म्हणून पाहुण्यांसमोर ठेवायला लोक लाजतात. करंजीवर मात्र कंजूषी करू नका, सारणात खसखस कमी केली की कळतं. करंज्या आम्ही मजुरीवर घेतच नाही, आकार प्रत्येकीला आपल्या सासूसारखा हवा असतो.

आजची मजुरी चकलीला किलोमागे शंभर, शेवेला ऐंशी, पाकातल्या लाडवाला नव्वद. माझ्यासोबत आता सहाजणी आहेत, चारजणी पूर्वी कांडीवर होत्या. मिस्टरांनी माग सोडला नाही पण सोऱ्याचे स्क्रू आणि घरघंटी तेच बघतात, जॉबरचा हात आहे, आवाजावरून सांगतात काय बिघडलंय.

तर यंदा येणार असाल तर भाजणी दसऱ्यानंतर चार दिवसांत आणा, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आणू नका, घेणार नाही असं म्हणते आणि घेते, म्हणून आधीच सांगतेय. तेल झाकणाच्या भांड्यात आणा. आणि गेल्या दिवाळीचे सतरा स्टीलचे डबे अजून आमच्या माळ्यावर पडलेत, त्यातल्या एकावर "सौ. आईकडून" असं कोरलंय, तो तरी कोणीतरी घेऊन जा.