रेनहिलला काळा धूर नाही: इंजिनांच्या चित्रपुस्तकाची खबरबात

मंडळी, पुस्तक पुढे सरकलंय. ट्रेव्हिथिकचं इंजिन, पफिंग बिली आणि लोकोमोशन यांची जोडपानं शाईसकट हातावेगळी झाली. रेनहिलचं, म्हणजे १८२९ मधल्या इंजिनांच्या स्पर्धेचं, जोडपान रंगात आहे आणि शेवटचं, आपलं बोरीबंदरचं, अजून ट्रेसिंग पेपरवरच आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी मराठीतलं चित्रपुस्तक, विषय अगदी सुरुवातीची वाफेची इंजिनं. सगळी इंजिनं एकाच मापात, १:२०, म्हणजे पान उलटल्यावर कोण केवढं ते सांगावं लागत नाही. आणि एक कसोटी ठरवली आहे. पोराने भट्टीवर बोट ठेवावं आणि वाफेच्या वाटेने ते चाकापर्यंत न्यावं. मध्ये कुठे बोट अडलं तर चित्र पुन्हा काढायचं. बाजारातल्या बऱ्याच पुस्तकांत इंजिन गोंडस असतं, त्याला डोळेबिळे असतात, पण सिलिंडरमधून निघालेला दांडा कुठेच पोचत नाही. हे मला बघवत नाही.

ट्रेव्हिथिकच्या पानाला सगळ्यात जास्त वेळ रुळांनी खाल्ला. २१ फेब्रुवारी १८०४, वेल्समधला पेनिडॅरनचा लोखंडाचा कारखाना. १० टन लोखंड, ५ वाघिणी आणि त्यांवर चढलेली ७० माणसं घेऊन इंजिन साधारण ९ मैलांवरच्या ॲबरकाननपर्यंत गेलं, चार तासांहून थोडा जास्त वेळ लागला. ते रूळ म्हणजे इंग्रजी एल अक्षरासारख्या आकाराच्या ओतीव लोखंडाच्या पट्ट्या. कड रुळाला, चाक सपाट. आज आपण बघतो त्याच्या बरोबर उलट. शिवाय रुळांखाली आडवे स्लीपर नाहीत, दोन्ही बाजूंना दगडांचे सुटे ठोकळे आहेत. कारण उघड आहे: या वाटेवर रोज घोडे वाघिणी ओढायचे, त्यांच्या पायांत आडवं लाकूड आलं असतं तर ते अडखळले असते. म्हणून मधली पायवाट मोकळी, चिखलाची, टापांनी उखडलेली काढली आहे. एका कोपऱ्यात मोडलेली पट्टीही आहे, कारण इंजिनाच्या वजनाखाली त्या मोडत होत्या. इंजिन हरलं नाही, रूळ हरले. हे वाक्य पुस्तकात जसंच्या तसं घेतलंय.

या इंजिनाला सिलिंडर एकच. दट्ट्या टोकाला पोचला की क्षणभर ढकलायला कोणी नसतं, म्हणून बाजूला ते भलंमोठं गतिचक्र, जे घेतलेल्या वेगावर तो क्षण निभावून नेतं. मुलांना आधी तेच चक्र दिसतं आणि पहिला प्रश्नही त्याचाच येतो. उत्तर मी त्या पानावर दिलेलं नाही. ते रेनहिलच्या पानावर, रॉकेट नावाच्या इंजिनापाशी येतं.

पफिंग बिलीला मात्र मजा आली. विल्यम हेडलीच्या देखरेखीखाली १८१३-१४ मध्ये न्यूकॅसलजवळच्या वायलम कोळशाच्या खाणीसाठी बनलेलं, आणि आज उरलेल्या इंजिनांमधलं सगळ्यात जुनं. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये उभं आहे. १८६२ पर्यंत ते कामावर होतं! बॉयलरच्या दोन बाजूंना उभे सिलिंडर, वर लांब तुळया, तुळयांवरून खाली येणारे दांडे, आणि खाली दातेरी चक्रांची रांग. सगळी यंत्रणा अंगाबाहेर, त्यामुळे माझ्या बोटाच्या कसोटीला याहून सोयीचं इंजिन नाही.

आतलं कसं दाखवायचं यावर बराच खल झाला. बॉयलर अर्धा कापून दाखवला आणि शेजारी चौकटीत आजीच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब काढला. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, वर धुरांडं. बंब आडवा केला की निम्मं इंजिन समजलंच. फरक एवढाच की पफिंग बिलीची जाळाची नळी आत जाऊन वळते आणि परत त्याच टोकाला येते. म्हणून भट्टीचं दार आणि धुरांडं एकाच बाजूला. कोळसा टाकणारा या टोकाला आणि चालवणारा त्या टोकाला, दोघांच्या मध्ये अख्खा बॉयलर. माझ्या भाचीने विचारलं, "मग याचं तोंड कुठे?" प्रश्न इतका रास्त होता की तोच पानाचा मथळा झाला.

इथे एक निर्णय घ्यावा लागला आणि त्यावर तुमच्यातल्या काहींचा आक्षेप असणार. पफिंग बिली चार चाकी काढायचं की आठ चाकी? रूळ मोडायला लागले तेव्हा वजन वाटून जावं म्हणून त्याला आठ चाकं बसवली. पुढे भक्कम रूळ आल्यावर, १८३० च्या सुमाराला, पुन्हा चार झाली. संग्रहालयात चार आहेत. मी मोठं चित्र चारचं ठेवलं आणि खाली पट्टीत आठचं छोटं रेखाटन दिलं. ही इंजिनं सतत दुरुस्त होत, बदलत होती. तेव्हा प्रत्येक चित्रावर 'हे अमुक साली असं होतं' एवढं लिहायचं ठरवलंय. साल नसलेलं इंजिनाचं चित्र मला हल्ली अर्धवट वाटतं.

लोकोमोशनबद्दल फार लिहीत नाही. २७ सप्टेंबर १८२५, स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेचं उद्घाटन, कोळशाच्या वाघिणींत खच्चून बसलेली माणसं आणि पुढे घोड्यावरचा झेंडेवाला, हे सगळं २०२५ मध्ये २०० वर्षं झाली तेव्हा तुम्ही भरपूर पाहिलंय. चित्रात भर दिलाय तो चाकं जोडणाऱ्या बाहेरच्या दांड्यावर. आधी हे काम दातेरी चक्रं नाहीतर साखळ्या करायच्या.

आता रेनहिल. ऑक्टोबर १८२९, लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गावरचा सपाट तुकडा, ५०० पौंडांचं बक्षीस. स्पर्धेच्या अटी समोर ठेवून चित्र काढायला बसले आणि पहिल्याच अटीपाशी थबकले: इंजिनाने स्वतःचा धूर स्वतःच खाल्ला पाहिजे. म्हणजे काळा धूर चालणार नाही. त्यासाठी रॉकेटमध्ये कोक, म्हणजे भाजून धूर कमी केलेला कोळसा, जाळत होते. आणि आपण लहानपणापासून या स्पर्धेची जी चित्रं बघतो त्यांत आकाश काजळलेलं! माझ्या पानावर आकाश स्वच्छ आहे. धुरांड्यातून निघते ती फक्त पांढरी वाफ, तीही तोंडाशी जवळपास अदृश्य आणि थोडी वर गेल्यावर पांढरी. ही वाफ रंगवलेली नाही, कागद कोरा सोडलाय. आधी मास्किंग फ्लुइड (रंग अडवणारा द्रव) लावून बघितलं, पण त्याने कडा कात्रीने कापल्यासारख्या येतात. ओल्या कागदावर आभाळाचा निळा दोन्ही बाजूंनी आणून मध्येच थांबवला की कड आपोआप विरते.

रॉकेटचा पिवळा हा दुसरा घोळ. लेमन यलो दिला तर इंजिन प्लॅस्टिकचं वाटतं, ऑकर दिला तर मातकट. शेवटी गॅम्बोजचा पातळ हात, तो सुकल्यावर दुसरा, आणि पोटाखाली किंचित बर्न्ट सिएना. धुरांडं पांढरं, म्हणजे पुन्हा कोरा कागद आणि एका बाजूला करडी सावली.

संग्रहात उरलेलं रॉकेट बघून हे चित्र काढता येत नाही. स्पर्धेनंतर त्यात इतके फेरफार झाले की सिलिंडर जवळपास आडवे झाले, पुढे धुराची पेटी आली. १८२९ मधले सिलिंडर चांगले ३५-४० अंशांनी तिरपे होते. तिरप्या सिलिंडरमुळे इंजिन दर फेऱ्याला हेलकावे खायचं, आणि तो हेलकावा स्थिर चित्रात आणायचा तर टेंडरवरचं, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीवरचं, पाण्याचं पिंप थोडं कललेलं आणि फायरमनचा एक पाय फाकवलेला, एवढं पुरतं.

गतिचक्राचं उत्तर इथे आहे. रॉकेटला दोन सिलिंडर, दोन बाजूंना एकेक, आणि दोन्ही बाजूंच्या क्रँकमध्ये (दांडा चाकाला जिथे जोडतो ती जागा) ९० अंशांचा फरक. एका बाजूचा दट्ट्या टोकाला अडकतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा ऐन मध्यावर, पूर्ण जोरात असतो. गतिचक्र गेलं ते यामुळे. चित्रात डावीकडची क्रँकपिन तळाशी आहे आणि चाकाच्या आऱ्यांमधून पलीकडची पिन आडव्या रेषेत दिसते. आऱ्यांच्या फटीतून तो पलीकडचा दांडा ०.१ च्या पेनाने काढणं हे या पुस्तकातलं सगळ्यात किचकट काम, आणि मला सगळ्यात आवडलेलंही. बहुतेक चित्रकार दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या काढतात. तसं इंजिन वाईट जागी थांबलं तर सुटणारच नाही.

कापून दाखवलेल्या बॉयलरमध्ये आता एका नळीऐवजी तांब्याच्या २५ नळ्या आहेत. ही कल्पना हेन्री बूथची, जो इंजिनिअर नव्हता, रेल्वे कंपनीचा खजिनदार होता. सगळ्या २५ दिसतील असा छेद घेतलाय, पोरं मोजणार हे गृहीत धरून.

बाकी स्पर्धकांना खालची पट्टी. नॉव्हेल्टी, हलकं आणि चपळ, प्रेक्षकांचं लाडकं, पण पुन्हा पुन्हा बिघडणारं. हॅकवर्थचं सान्स पारेल, वजनाची मर्यादा ओलांडलेलं. पर्सिव्हिअरन्स, ज्याला रेनहिलला आणतानाच दुखापत झाली. आणि सायक्लोपेड, ज्यात वाफच नाही, पट्ट्यावर चालणारा घोडा आहे! तो घोडा मोठा काढायचा मोह आवरला, नाहीतर रॉकेटकडे कोणी बघितलं नसतं.

भीतीचं किती दाखवायचं हा प्रश्न होता. १८२८ मध्ये लोकोमोशनचा बॉयलर फुटून चालक गेला. स्फोटाचं चित्र घेतलं नाही, पण लपवलंही नाही. रेनहिलच्या अटींत दोन सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब वाढला की वाफ बाहेर सोडणाऱ्या झडपा) सक्तीचे होते आणि त्यातला एक चालकाचा हात पोचणार नाही असा. का, हे दोन ओळींत सांगून त्या व्हॉल्व्हकडे बाण दाखवलाय.

शेवटच्या पानावर मुंबई येते ती ओढूनताणून नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीची साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनं व्हल्कन फाउंड्रीची. हा कारखाना न्यूटन-ल-विलोजचा, म्हणजे त्याच लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गाच्या पट्ट्यातला. आणि ही गाडी चालवणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा सल्लागार इंजिनिअर होता रॉबर्ट स्टीफन्सन, ज्याच्या कारखान्यात रॉकेट बनलं. रूळ मात्र आपले रुंद, ५ फूट ६ इंच, त्यामुळे या पानावर रुळांतलं अंतर मुद्दाम मोजून काढलंय.

अडचण लांबीची आहे. ३ इंजिनं आणि १४ डबे १:२० ला कुठल्याच जोडपानात मावणार नाहीत, आणि माप बदललं तर सगळ्या पुस्तकाचा खेळ मोडतो. म्हणून घडीचं पान. इंजिनं मापात, आणि डबे घडी उघडत जाऊ तसे वळणावरून लांब जाताना लहान होणारे. बाइंडर म्हणतो, ३०० जीएसएमच्या जाड कागदाला घडी तडकेल, १७० चा पातळ घ्या. दोन्ही कागदांच्या कोऱ्या डमी त्याच्याकडे टाकल्या आहेत. त्या भाचीच्या हातात आठवडाभर राहतील आणि ज्या टिकतील त्या कागदावर रंग चढेल. तोवर सुलतानची चाकं ट्रेस करून ठेवते.