चिनी शिकून काय करणार?

"चीनचं शिकून चीनला जायचंय का पोरी?" जालन्याच्या लग्नात, पंगतीत बसल्या बसल्या काकांनी विचारलंच.

भाची दिल्ली विद्यापीठात पूर्व आशियाई अध्ययन शिकते. ती वैतागली नाही. म्हणाली, "काका, चिनी प्रवासी युआन श्वांग आठवतो का शाळेतला? सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रात आला होता. त्यानं इथल्या माणसांबद्दल लिहिलंय. उपकार विसरत नाहीत, पण कुणी डिवचलं तर सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं वर्णनही आहे. ते अजिंठ्याचंच असावं, असं बरेच अभ्यासक मानतात."

सूडाचं ऐकून काका जाम खूश! (भावकीतला बांधाचा वाद त्यांना आठवला असणार.) मग जिलेबी बाजूला सारून म्हणाले, "आपल्याबद्दल चिन्यानं लिहिलं, अन् ते वाचायला पोरीला दिल्लीला जावं लागतं व्हय?"

तेव्हापासून हे डोक्यातून जाईना. अजिंठा-वेरूळ आपल्याकडे, गावोगावी बुद्धविहार, आणि आपली पोरं मात्र बारावीनंतर नीटच्या नाहीतर एमपीएससीच्या क्लासला.

संभाजीनगरात किंवा नांदेडला चिनी, जपानी नीट शिकवणारं कुणी माहीत आहे का? धाकटी विचारतेय.