चौसे : १,१८५ उखळांचा खडक

जॅक्सनहून हायवे ८८ धरला की पाइन ग्रोव्हला डावीकडे व्होल्केनो गावाचा फाटा लागतो. तिथून जेमतेम दीड मैलावर इंडियन ग्राइंडिंग रॉक पार्क. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाच्या पायथ्याची ही मिवोक या मूळ अमेरिकी जमातीची जागा. संगमरवरी चुनखडीचा सपाट कातळ आणि त्यात ओकची फळं, म्हणजे एकॉर्न, कांडून पडलेली १,१८५ उखळं. मिवोक भाषेत हा खडक ‘चौसे’.

उखळांची खोली नीट बघा. खोल झालं की उखळ टाकून देत, असं सर्रास सांगतात. ते पूर्ण खरं नाही. दक्षिण सिएरातल्या मोनो जमातीच्या बायकांकडून मिळालेली माहिती वेगळी आहे. साडेपाच सेंटिमीटरपर्यंतची उखळं एकॉर्न भरडायला, त्याहून खोल, साधारण साडेनऊपर्यंतची बारीक पिठाला आणि आणखी खोल गवताच्या बियांना. एकॉर्न फार खोल उखळात कांडलं तर पीठ तळाशी घट्ट बसतं. उलट बारीक बिया उथळ उखळातून उडून जातात.

कांडण्याआधीचं कामही कमी नव्हतं. सुरुवातीला गळणारी फळं बहुधा किडकी, ती सोडून द्यायची. चांगली फळं वाळवून कणगीत भरायची. तिला इथे ‘चाका’ म्हणतात. आत पाइनच्या सुया आणि दवण्याच्या जातीची उग्र वनस्पती, म्हणजे कीड आणि उंदीर लांब. मग फोडायचं, वरचं लाल साल पाखडून काढायचं, कांडायचं, चाळायचं. जाड कण परत उखळात.

पण खरी मेहनत टॅनिन, म्हणजे एकॉर्नमधलं तुरट द्रव्य, काढण्याची. वाळूत उथळ खळगा करून त्यात पीठ पसरायचं आणि तुरटपणा जाईपर्यंत पाणी ओतत राहायचं. पाण्याची धार थेट पडली तर पिठाला भोक पडतं, वाळू वर येते. म्हणून धार डहाळीवर धरायची. पीठ जाडंभरडं राहिलं तर दाण्याच्या पोटातला तुरटपणा निघतच नाही. चाळणीचा एवढा आग्रह त्यासाठीच.

याची खूण जमिनीत जवळपास राहत नाही. शिजवण्याची राहते. पाणी न गळणाऱ्या टोपलीत तापलेले दगड टाकून, टोपली जळू नये म्हणून सतत ढवळत पेज शिजवत. तापून-निवून तडकलेले दगड उत्खननात भरपूर सापडतात.

कातळावर चढायला मनाई आहे, लाकडी सज्जावरूनच बघायचं. त्यावर ३६३ कोरीव खुणाही आहेत. चुनखडी पावसाने झिजतेय, त्यामुळे भर दुपारी त्या दिसतच नाहीत. ऊन तिरपं असताना जा.