पोरानं देवाचं काय घोडं मारलं?

शुक्रवार, रात्री

"माह्या पोरानं देवाचं काय घोडं मारलं व ताई?"

यवतमाळकडची बाई. मुलाचे उपचार परळला टाटामध्ये चालू आहेत, मायलेक राहतात धर्मशाळेत. मी तिथं मुलांबरोबर चित्रं काढायला, गोष्टी सांगायला जाते. मुलगा सहा वर्षांचा, रक्ताचा कॅन्सर. केस गेलेत, तोंडात फोड आलेत, आणि पाठीतलं इंजेक्शन आहे म्हटलं की आदल्या रात्रीपासून जेवत नाही. आज तो झोपला होता आणि ती त्याच्या पायांवरून हात फिरवत बसली होती. तिनं रडत विचारलं नाही. सरळ विचारलं, उत्तर हवं होतं म्हणून.

मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या खाटेवरून उत्तर आलं. "मागल्या जन्माचं काही असतं बाई. भोगूनच संपवायचं." बोलणारी आजी वाईट नाही. तिचा नातू तिथंच आहे, आणि स्वतःची समजूतही तिनं याच वाक्यानं घातली असणार. पण त्या आईचा चेहरा मी पाहिला. इतके दिवस तिचं पोर आजारी होतं, आता ते गुन्हेगारही झालं.

मी म्हणाले, "त्यानं काही केलेलं नाही. तुम्हीही नाही." एवढं मात्र मी छातीठोकपणे सांगू शकते. शरीर वाढतं ते पेशी दुभंगून, आणि दर वेळी आतल्या गुणसूत्रांची नक्कल होते. नक्कल करताना चुका होतात. बहुतेक चुका शरीर दुरुस्त करतं, एखादी राहून जाते. या आजारात काही मुलांमध्ये पहिला बदल गर्भातच झालेला असतो, असं संशोधकांना आढळलं आहे. आईनं काय खाल्लं, कोणता उपास मोडला, कुणाचा शाप लागला, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. ज्या क्रियेनं मूल वाढतं, तिच्यातच ही खोट शिरते. हे ऐकून ती थोडी सैलावली असं वाटलं. मी मात्र घरी आल्यापासून अस्वस्थ आहे. खोट कशी शिरते ते कळलं. पण जगाची घडणच अशी का ठेवली, हे विचारायचं राहिलंच. ते डॉक्टरांना विचारता येत नाही. ज्याला विचारायचं त्याच्यावर माझी श्रद्धा आहे, म्हणूनच ते इतकं टोचतं. देव नाहीच असं मानणाऱ्याला हा प्रश्न पडायचं कारण नाही. त्याला दुःख होतं, पण फसवणूक झाल्यासारखं वाटत नाही.

दुसरं उत्तरही लहानपणापासून ऐकत आले: देव आवडत्या माणसाची परीक्षा बघतो. चिलया बाळाची गोष्ट आमच्या आजीनं कितीदा सांगितली असेल. शंकर अतिथीच्या रूपानं श्रियाळ राजाच्या दारी येतो आणि त्याच्या एकुलत्या एक मुलाचं मांस जेवायला मागतो. राणी चांगुणा स्वतःच्या लेकराचं शिर उखळात कांडते. ऐकणाऱ्या बायका पदरानं डोळे पुसत. शेवटी देव प्रसन्न होतो, आईला हाक मारायला सांगतो आणि चिलया धावत येतो.

आज मला या गोष्टीचा राग येतो. परीक्षा आईबापांची आणि उखळात कोण? चिलयाला कुणी विचारलं? गोऱ्या कुंभाराच्या कथेतही तसंच: बाप नामस्मरणात दंग, रांगतं पोर चिखलात तुडवलं जातं, आणि पुढं पंढरपुरात तेही परत मिळतं. आपल्या कथांना पोर परत आणून द्यावंच लागतं, नाहीतर देवाचं नाव घ्यायला ऐकणाऱ्याची जीभ उचलली नसती. धर्मशाळेतल्या एखाद्या खाटेवरची चादर बदलते, तिथं कितीही हाका मारल्या तरी कुणी धावत येत नाही.

तुकोबांचा संतू तरी कुठं परत आला? 1630 च्या सुमाराचा तो दुष्काळ. "स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली" असं तुकोबांनीच लिहून ठेवलंय. पहिली बायको गेली, मुलगा गेला. आणि मग ती ओळ: "पोर मेलें बरें झालें । देवें मायाविरहित केलें." कीर्तनात ही ओळ वैराग्याचा नमुना म्हणून सांगतात, श्रोते माना डोलावतात. मला त्यात वैराग्य ऐकू येत नाही. दात आवळून बोलणारा बाप ऐकू येतो. कदाचित माझं ऐकणं चुकत असेल, पण एक गोष्ट मला स्पष्ट दिसते: हे त्यांनी स्वतःच्या पोराबद्दल म्हटलंय. गाडगेबाबांना कीर्तनात उभे असताना मुलगा गेल्याचा निरोप आला, तेव्हा "मेले ऐसे कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी" असं ते म्हणाले म्हणतात. तेही स्वतःच्या मुलाबद्दल. त्या बापांना तो अधिकार होता. दुसऱ्याच्या लेकराच्या उशाशी बसून "बरे झाले" म्हणायचा अधिकार कोणत्याही बुवाला नाही, आजीला नाही, मला नाही.

संध्याकाळी वसईच्या मैत्रिणीला फोन केला. आम्ही दोघी मिळूनच धर्मशाळेत जातो. ती नेमानं चर्चला जाणारी. तिनं योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट सांगितली. जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसतो आणि शिष्य येशूला विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? म्हणजे आमच्या शेजारच्या खाटेवरच्या आजीचाच प्रश्न, दोन हजार वर्षांपूर्वीचा. येशू म्हणतो, याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. मला फार बरं वाटलं ऐकून. पण पुढचं वाक्य असं की, देवाची कार्यं त्याच्या ठायी प्रकट व्हावीत म्हणून हे झालं. मी म्हटलं, म्हणजे पुन्हा पोर कुणाच्या तरी कामासाठीच वापरलं गेलं ना? ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मला पण ते वाक्य जड जातं. पण मी ज्याच्यापुढे गुडघे टेकते, तो स्वतः क्रुसावर ओरडला आहे, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. त्यालाही उत्तर मिळालं नव्हतं."

माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं म्हणून दुःख आलं, हे उत्तर ती देत नाही याचं मला बरं वाटलं. युद्धात मेलेल्या मुलांपाशी ते कदाचित थोडं लागू पडेल. सहा वर्षांच्या पोराच्या अस्थिमज्जेत कुणाची इच्छा चालली होती?

मग ती सुब्बारावांबद्दल बोलली. एल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. स्प्रू नावाच्या आजारानं त्यांचे भाऊ गेले. पुढं अमेरिकेत त्यांच्या हाताखाली फॉलिक ॲसिड, पेशी वाढायला लागणारं जीवनसत्त्व, कृत्रिमरीत्या तयार झालं, आणि त्याच्या उलट काम करणारी औषधंही. त्यातलंच एक बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना दिलं. 1948 मध्ये जगाला कळलं की हा आजार मागे हटवता येतो, थोड्या दिवसांसाठी का होईना. त्याच वर्षी सुब्बाराव गेले. धर्मशाळेतला तो मुलगा ज्या पाठीतल्या इंजेक्शनला भितो, त्यातलं मेथोट्रेक्सेट याच कुळातलं. आणि दुसरं औषध, विन्क्रिस्टिन, येतं सदाफुलीपासून. देवाला वाहायला आई कुंडीतून तोडते, तीच सदाफुली. आज चांगले आणि पूर्ण उपचार मिळाले तर या आजारातली बहुतेक मुलं बरी होतात. मैत्रिणीचं म्हणणं, देव इथं आहे, या हातांमध्ये.

मानते मी. त्या इंजेक्शनला मनातून नमस्कारही करते. पण अर्धंच समाधान होतं. सदाफुली 1948 च्या आधीही फुलतच होती. तिच्या शेजारच्या घरांतून लहान मुलं या आजारानं काही आठवड्यांत जात होती आणि तिच्या पानांत काय आहे हे कुणी कुणाच्या कानात सांगितलं नाही. माणसांनी शोधलं तेव्हा मिळालं. जे आधी गेले त्यांचं काय? उपचार अर्धवट सोडून परत जावं लागतं, कारण गावाकडं दुसरी दोन लेकरं आहेत आणि मजुरी बुडते आहे, त्यांचं काय?

म्हणून माझ्याकडे उत्तर नाही, आणि देवाच्या वतीनं उत्तर द्यायचं काम मी आता करणार नाही. प्रश्न मात्र त्यालाच विचारणार. हे मला कुण्या तत्त्वज्ञानानं शिकवलेलं नाही, जनाबाईनं शिकवलंय. "माय मेली बाप मेला । आतां सांभाळीं विठ्ठला" म्हणणारी पोरकी पोर. तीच मोठी होऊन "अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या" म्हणत अंगणात उभी राहून त्याला शिव्या देते. तुझं मढं गेलं म्हणते! आणि आपण सातशे वर्षं ते अभंग म्हणून गातो. आपल्या परंपरेनं हे पुसून टाकलं नाही, याचं मला आज फार मोल वाटतं. ज्याच्याशी नातं तुटलं त्याला माणूस अंगणात उभं राहून शिव्या देत नाही, दार लावून घेतो.

विठ्ठलाचे हात कमरेवर आहेत. त्याच्या हातात मारायला शस्त्र नाही, हे मला नेहमी आवडायचं. आता वाटतं, बाबा रे, निदान एक हात खाली घे. तो प्रेमळ आहे की सर्वशक्तिमान, यातलं एकच धरता येणार असेल तर मी प्रेम धरीन. सगळं करू शकत असूनही जो नुसता बघत राहतो, त्याच्यापुढे मला हात जोडता येणार नाहीत. पोरासाठी ज्याच्या जिवाची कालवाकालव होते आणि तरी ज्याचं सगळंच चालत नाही, त्याच्यापुढे येतील. शास्त्राला हे मान्य होईल की नाही, मला ठाऊक नाही. रात्री साडेअकरा वाजता एवढंच प्रामाणिकपणे लिहिता येतंय.

त्या मुलाचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, खूप खाली आलेत. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, द्याव्या लागतील असं त्याची आई म्हणत होती. त्या पाच दिवसच टिकतात, त्यामुळं साठवून ठेवता येत नाहीत, दाते सतत लागतात. मी आणि मैत्रीण उद्या सकाळी रक्तपेढीत जातोय, तिच्या चर्चमधली दोन मुलंही येणार आहेत. आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आत्ताच निरोप टाकला. अजून कुणाचं उत्तर नाही. सकाळी एकेकीला फोन करीन.