मग यात तुमचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. "क्लिप लोकांनी पाठवलेल्या, चेहरे त्यांचे, बोलणंही त्यांचंच. मग यात तुमचं काय?" लोकांच्या क्लिप जोडून मी जे व्हिडिओ करते, ते पाहिल्यावर बहुतेक जण हेच विचारतात. "संकलन माझं" एवढं सांगून मोकळं होता येतं, पण त्यानं कुणाचंच समाधान होत नाही, माझंही नाही.

मी सोशल मीडियावर एक साधी सूचना टाकते आणि येईल ते जमवते. एकदा लिहिलं होतं, 'प्रोफाइलसाठी फोटो काढण्याआधी तुम्ही काय करता, तेवढंच चित्रित करून पाठवा.' कुणी केस सारखे केले, कुणी दिव्याची जागा बदलली. एकानं पलंगावरचे कपडे उचलून कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे कोपऱ्यात टाकले. सुट्या सुट्या पाहिल्या तर त्या क्लिपमध्ये विशेष काही नव्हतं. संकलनाच्या टाइमलाइनवर शेजारी शेजारी लावल्या आणि दिसलं, की जवळजवळ प्रत्येक जण काहीतरी चौकटीबाहेर सारतोय. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं, आणि हाताची हालचाल तीच! त्या रात्री मला झोप लागली नाही.

कोणाला कोणाशेजारी बसवायचं, हे मी ठरवते. वाटतं तेवढं ते सोपं नाही. हे मी शिकले व्हिडिओ कलाकार नॅटली बुकचिन यांच्या 'टेस्टामेंट' या कामावरून. 2009 मध्ये त्यांनी इंटरनेटवरचे असे व्हिडिओ घेतले, ज्यांत माणसं आपापल्या खोलीत एकटी बसून कॅमेऱ्याशी बोलत होती. कुणाची नोकरी गेली होती, कुणी आपल्या औषधांबद्दल सांगत होतं. बुकचिन यांनी ते असे लावले की तेच शब्द अनेक तोंडांतून एकदम येतात, मग एखादाच आवाज पुढे जातो, पुन्हा बाकीचे त्याला येऊन मिळतात. समूहगान ऐकावं तसं. त्यात त्यांचा स्वतःचा एकही शब्द नाही, तरी ते काम दुसऱ्या कुणाचं वाटत नाही.

पेरी बार्ड या दुसऱ्या व्हिडिओ कलाकार. त्यांनी तर संकलनाचा हट्टही सोडला. सोव्हिएत दिग्दर्शक झिगा व्हर्टोव्ह यांच्या 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' या 1929 च्या मूकपटातला हवा तो शॉट निवडायचा आणि आपल्या परीनं पुन्हा चित्रित करून पाठवायचा, असं आवाहन त्यांनी 2007 पासून जगभर केलं. एकाच शॉटसाठी अनेक क्लिप आल्या, की सॉफ्टवेअर त्या आलटून पालटून लावत असे, त्यामुळे चित्रपट रोज थोडा वेगळा. ते धाडस माझ्यात नाही. मला कुठेतरी थांबून 'हे झालं' असं म्हणावं लागतं.

लोक कॅमेऱ्यासमोर नाटक करतात, त्यात खरी ओळख कशी सापडणार, असंही विचारतात. मला ते नाटक मोलाचं वाटतं. आपण कसं दिसावं असं माणसाला वाटतं, हाही त्या माणसाचाच भाग. फक्त मी क्लिपची टोकं कापत नाही. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावरचा पहिला सेकंद आणि ते बंद करायला हात पुढे येतो तो शेवटचा, हे दोन्ही ठेवते. चेहरा तिथे जरा सैल असतो.

आणि प्रत्येकाला सांगून ठेवते, कधीही मागे घ्या, कारण विचारणार नाही. एका बाईंनी खरंच मागे घेतलं. काम पूर्ण होऊन काही महिने झाले होते. त्यांची क्लिप 11 सेकंदांची, बरोबर मध्यावर. तिथे दुसरी बसवून पाहिली, पण आजूबाजूच्यांचं त्या चेहऱ्याशी जे जुळलं होतं ते नव्याशी जुळेना. शेवटी तेवढी जागा काळी ठेवली आणि त्यांना पाहायला पाठवली. दोन दिवसांनी उत्तर आलं : "चेहरा नको. पण शेवटी सगळ्यांची नावं येतात ना, त्यात माझं राहू द्या."

ते राहू दिलंय.