पाचवं शील

पुण्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मी समुपदेशक आहे. दारू वाईट असते हे आमच्याकडे येणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या सकाळी गटचर्चेत देहूरोडच्या एका काकांनी जे विचारलं, ते मात्र मला अगदी नवीन होतं.

"मॅडम, २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली, तेव्हा माझा बाप त्या गर्दीत होता. त्याच विहारात मी दर रविवारी पंचशील म्हणतो. पाचवं शील मद्य न घेण्याचं. आणि संध्याकाळी पुन्हा गुत्त्यावर. बुद्ध मला माफ करतील का?"

मी बौद्ध घरातली. वंदना म्हणतच वाढले. म्हणाले, "काका, बुद्ध माफ करत नाहीत, शिक्षाही करत नाहीत. शील ही कुणाची आज्ञा नाही, आपणहून घेतलेला सराव आहे. मोडलं तर पुन्हा घ्यायचं."

कोथरूडचा एक तरुण इंजिनिअर लगेच म्हणाला, "मग बुद्धांनी दिलं तरी काय?"

ठरलेला विषय बाजूला ठेवून मी फळ्यावर चार आर्यसत्यं लिहिली. सारनाथला पहिल्या प्रवचनात पाच जुन्या सोबत्यांना सांगितलेली. दुःख आहे. त्याचं कारण तृष्णा. ती विझली की दुःख थांबतं. आणि तिथवर नेणारा अष्टांगिक मार्ग आहे. आमच्या केसपेपरचा क्रमही हाच: आजार, कारण, बरं होणं शक्य आहे का, उपचार. बौद्ध धम्म निराशावादी आहे असं म्हणणारे पहिल्याच ओळीवर थांबतात, असं माझं ठाम मत आहे.

खरी चर्चा रंगली ती दुसऱ्या सत्यावर. बुद्ध एक साखळी सांगतात: स्पर्शातून वेदना, म्हणजे नुसतं दुखणं नव्हे, कुठलीही सुखद-दुःखद जाणीव; वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून उपादान, म्हणजे घट्ट धरून बसणं. काकांनी ती स्वतःवर लावून पाहिली. "सहाला कंपनी सुटते. गुत्त्याचा वास येतो, पोटात कालवतं. ही वेदना. मग 'पाहिजेच' वाटतं, ती तृष्णा. आणि 'हिच्याशिवाय मी जगूच शकत नाही', हे ते शेवटचं."

पोटात कालवणं त्यांच्या हातात नाही. त्याच्या पुढच्या पायरीवर थांबता येतं. तलफ चढते तशी ओसरते, तीही अनित्यच. ती येते-जाते ते नुसतं पाहत राहायचं, ही सम्यक स्मृती, अष्टांगिक मार्गाचं एक अंग. मार्गाची बाकीची सात अंगं त्या दिवशी राहूनच गेली.

(हे सगळं डॉक्टरांची औषधं घेऊन शरीर सावरल्यानंतरचं. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू सोडू नये; झटके येऊन जिवावर बेतू शकतं.)

"पण मी बौद्ध नाही. हे न मानता नुसतं करून पाहिलं तर?" इंजिनिअरने विचारलं. मला आनंदच झाला. बुद्धांनी कालाम नावाच्या लोकांना हेच सांगितलं होतं: परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा, हिताचं दिसलं तर धरा.

काकांना घरी सोडलं त्या दिवशी काकूंनी विचारलं, "आता रविवारी पुन्हा विहारात शील घेणार ना?"

"रविवारी तर घेईनच," काका म्हणाले, "पण रोज सहालापण घेणार. तलफ लागते तेव्हाच."