तुम्ही विचारलंत म्हणून: डायपर किती वेळा बदलते?

"दिवसातून किती वेळा बदलतेस गं?" हे मला ऑफिसात विचारतात, जिन्यात विचारतात, हळदीकुंकवाला वाण घेता घेता विचारतात. परवा माझ्या चुलत नणंदेनं, जिला सातवा महिना लागलाय, फोनवर वेळापत्रकच मागितलं. "वहिनी, नोकरी करून तुम्हाला जमून राहिलं नं, मला टायमिंग लिहून पाठवा." तिला खरंच समजून घ्यायचं आहे. बाकी बऱ्याच जणींना मात्र मी पोरीला दिवसभर डायपरमध्ये ठेवते, एवढं माझ्या तोंडून वदवून घ्यायचं असतं. दोघींनाही एकदाच सगळं सांगते.

मी घड्याळ लावून बदलत नाही. दोन-तीन तासांनी बदला, असं डॉक्टर सांगतात आणि ते योग्यच आहे, पण ती जास्तीत जास्त वेळ झाली. शी झाली की लगेच, मग तीन तास होवोत की तीन मिनिटं. आमच्या घरी बदलणं दुधाशी बांधलेलं आहे. दूध पोटात गेलं की आतडी हलतात, तान्ह्या बाळांत तर फारच, त्यामुळे शी बहुतेक वेळा पाजताना किंवा पाजून झाल्या झाल्या होते. आधी बदलून मग पाजायला घेतलं की पुन्हा बदलावं लागतं. म्हणून दिवसा आधी दूध, मग ढेकर, मग बदलणं. रात्री याच्या उलट. रात्री आधी बदलते आणि मग पाजते, कारण पाजता पाजता डोळा लागलेल्या पोरीला पुन्हा उघडं केलं की ती टक्क जागी होते आणि तिच्यासोबत आमचं अख्खं घर. सकाळी उठल्यावर, मालीश-आंघोळीनंतर आणि घराबाहेर पडताना हे तर आहेच.

मोजत होते ते सुरुवातीच्या दिवसांत. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसाला सहा किंवा त्याहून जास्त लंगोट ओले करत असेल तर त्याला दूध पुरतंय, असं नर्सनं सांगितलं होतं. ती मोजणी दुधाची होती. वजनाच्या तारखेपर्यंत तेवढाच आधार होता मला. काळी चिकट शी जाऊन पिवळी, मोहरीच्या दाण्यांसारखी शी आली तेव्हा मी सासूबाईंना स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं होतं.

आणि हो, दिवसा घरी सुती लंगोट, रात्री आणि बाहेर डायपर. यावर दोन्ही पक्ष नाराज आहेत. असू देत.

आता मे महिन्याचं सांगते, कारण तुमचा प्रश्न खरं तर तिथूनच येतो. लग्नातल्या त्या प्रसंगाची गोष्ट नातेवाइकांत फिरलीये, हे मला माहीत आहे.

लेक डिसेंबरची. मेच्या शेवटी नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला तेव्हा ती सहा महिन्यांची व्हायला आली होती आणि माझी 26 आठवड्यांची रजा संपत आली होती. नागपूरचा नवतपा बाहेरच्यांना सांगून कळत नाही. पारा 45च्या वर, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि घरात चोवीस तास कूलर. कूलरनं खोली थंड होते, पण दमटही होते. त्यात तिचा कान दुखला, ताप आला, डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. कान बरा झाला आणि जुलाब लागले. दिवसभर धू, पूस, कोरडं कर. तरी तिसऱ्या दिवशी मागची कातडी लाल दिसायला लागली.

त्याच आठवड्यात घरात लग्न होतं. टाळण्यासारखं नव्हतं, नवऱ्याच्या सख्ख्या मामेभावाचं. मंगल कार्यालयात बाळाला बदलायला जागा नव्हती. वधूपक्षाच्या खोलीत दागिन्यांच्या पेट्या म्हणून कुलूप, वरपक्षाच्या खोलीत पुरुष झोपलेले. मी गाद्यांच्या ढिगाआड प्लास्टिकची शीट पसरून तिला बदलत होते. तेवढ्यात मावससासूबाई आल्या, त्यांनी पोरीला माझ्या हातून उचललं, बायका बसल्या होत्या तिथे नेलं आणि सगळ्यांसमोर तिचे पाय वर करून दाखवलं. "पाहा बापा! कातडी जळून राहिली लेकराची, अन् ही डायपर लावून राहिली!"

दहा-बारा बायका होत्या. कोणी 'अरेरे' म्हणाली, कोणी आपल्या नातवाचं सांगायला लागली. एकीनं पर्समधून पावडरचा डबा काढला. पोरगी त्या अनोळखी चेहऱ्यांकडे बघून रडत होती आणि तिचे दोन्ही घोटे मावशींच्या एका मुठीत होते. मी म्हटलं, "मावशी, द्या तिला माझ्याकडे." त्या म्हणाल्या, "नोकरीवाल्या बायांना वेळ कुठं असते." माझी रजा चालू होती. मी सहा महिने घरी होते. ते मी तेव्हा बोलले नाही.

नवरा आला. त्यानं सांगितलं की सकाळचं डायपर त्यानंच लावलंय, घरूनही त्यानंच बदलून आणलंय. तर मावशी त्याला म्हणाल्या, "तू काऊन लावलं? ही कुठं गेली होती?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

रात्री एका नातेवाइकानं मेडिकलमधून ट्यूब आणून दिली. तीन औषधं एकत्र असलेली, "सगळ्यावर चालते" म्हणाले. मी डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं, त्यात स्टेरॉइड होतं. लावली नाही. त्यावरूनही बोलणी बसली की आणून दिलेलं औषध ही लावत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धंतोलीत बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी जांघेतली वळी बोटानं हलकेच उघडली. आत गडद लाल, कडा ठळक, आणि भोवती सुटे सुटे बारीक लाल ठिपके. "बुरशी आहे," ते म्हणाले. नुसत्या ओलाव्यानं कातडी चिडली तर लाली फुगीर भागावर असते, वळीत सहसा जात नाही. इथे वळीतच होती. अँटिबायोटिकनं पोटातले चांगले जंतूही मारले, बुरशीला रान मोकळं मिळालं, जुलाबानं कातडी आधीच सोललेली. त्यांनी बुरशीवरचं मलम लिहून दिलं, त्यावरून झिंक ऑक्साइडचा जाड थर. वाइप्स बंद, साधं पाणी आणि कापूस. पुसायचं नाही, टिपायचं. पावडर अजिबात नाही, श्वासातून बाळाच्या छातीत जाते. ट्यूब दाखवली तर म्हणाले, बरं झालं लावली नाही. डायपरखाली झाकलेल्या कातडीतून स्टेरॉइड जास्त आत शिरतं.

मी विचारलं, डायपर बंदच करू का? ते म्हणाले, "ओला लंगोट अंगावर राहिला तरी हेच होईल. पण झाकलेली, दमट जागा बुरशीला आवडते हेही खरं. जमेल तेवढं उघडं ठेवा."

आता इथे मला प्रामाणिक राहायचं आहे. पहिलं वाक्य ऐकून मला इतकं हायसं वाटलं की दुसरं मी जवळजवळ ऐकलंच नाही. घरी आल्यावर ते आठवलं. म्हणजे मावशी कारणाबाबत चुकल्या होत्या, पण डायपर अगदीच निर्दोष आहे असंही डॉक्टर म्हणाले नव्हते. मावशींना मी हे कधी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही, कारण दहा बायकांसमोर माझ्या लेकीचे पाय धरायचा हक्क त्यांना कोणत्याच कारणानं मिळत नव्हता.

पुढचा आठवडा सासूबाईंनी दुपार सांभाळली. फरशीवर मेणकापड, त्यावर दुपट्याच्या चार घड्या, त्यावर पोरगी उघडी, आणि त्या शेजारी हातात कोरडं कापड घेऊन. एकदाही "आमच्या वेळी" म्हणाल्या नाहीत. माझ्या घरात हा सगळ्यात मोठा आधार होता आणि त्याबद्दल मला कोणी विचारत नाही.

गरोदरपणी मी एक वही केली होती. तिच्यात लिहिलंय: "फक्त सुती लंगोट. प्लास्टिक नाही." कधी कधी त्या बाईशी माझं भांडण होतं. जुलैतली झड लागल्यावर लंगोट तीन दिवस वाळत नाहीत आणि दमट लंगोट लावण्यापेक्षा डायपर बरं, हे तिला माहीत नव्हतं. सकाळी साडेनऊला ऑफिस गाठायचं हेही तिच्या वहीत नव्हतं. पण कचऱ्याचं तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. मी वापरलेलं डायपर कागदात नीट गुंडाळून वेगळं देते. ते गाडीत जातं, गाडी भांडेवाडीच्या कचरा डेपोला जाते. आतला ओल शोषणारा पदार्थ आणि वरचं प्लास्टिक माझी लेक म्हातारी होईस्तोवर तिथेच राहील. लंगोट धुवायला पाणी लागतं, असं मी स्वतःला सांगते. उन्हाळ्यात टँकरच्या रांगा पाहिल्या की पटतं. पावसाळ्यात पटत नाही.

रात्री झोपेतून उठवून बदलतेस का, हेही विचारता. नुसती शू असेल आणि कातडी चांगली असेल तर नाही. शी असेल किंवा लाली असेल तर हो, कितीही रडली तरी.

आणि हे सगळं माझ्या नवऱ्याला आजवर एकानंही विचारलेलं नाही. बुटीबोरीहून रात्रपाळी करून आला की सकाळचं पहिलं बदलणं त्याचं असतं. आता ती दहा महिन्यांची आहे, पाठीवर पडून राहत नाही, पलटी मारून पळते. त्याला उभ्या उभ्या बदलता येतं, मला अजून नीट येत नाही.

नणंदबाई, वेळापत्रक नाही पाठवत. तुमचं बाळ कधी पिईल आणि कधी झोपेल ते आधी कळू द्या. जावईबापूंना मात्र बाळंतपणाआधीच सांगून ठेवा की पहाटेचं बदलणं त्यांच्याकडे, आणि कोणी काही बोललं तर उत्तरही त्यांनीच द्यायचं. आणि हो, झिंक ऑक्साइडची ट्यूब बाळंतविड्यासोबत मीच पाठवते. पावडरचा डबा कोणी दिलाच तर घ्या, अन् कपाटात ठेवून द्या.